ओढायची करवत

वाचक मंडळी, आधी एक काम करा. घरात करवत असेल तर ती जरा खाली काढा. शेतकऱ्याच्या घरी ती असतेच. पडवीतल्या खुंटीला, नाहीतर पोटमाळ्यावर जुन्या कंदिलाच्या शेजारी. मूठ आपल्याकडे धरा आणि दातांची तोंडे कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. बहुतेक ती तुमच्याकडे पाठ करून पलीकडे, टोकाकडे पाहत असतील. म्हणजे तुमची करवत ढकलताना कापते आणि ओढताना नुसती मागे येते. माझा जन्म सुतारकीच्या घरात झाला, हातात करवत आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि तरीही साठी उलटेपर्यंत ही गोष्ट मी कधी मुद्दाम पाहिली नव्हती. रोज चालणाऱ्या पायांकडे कोण पाहतो?

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, गावचे बलुतेदार. कुळव, पाभर, नांगराचा इसाड, गाडीची चाके, निम्म्या गावाचे काम आमच्या दारात चालायचे. सुगी झाली की खळ्याखळ्यावर जाऊन पाटीपाटीने धान्य आणायचे. पुढे लोखंडी औते आली, टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले आणि आमच्या दारातला भुसा कमी होत गेला. दादा गेले. मी तीन एकर जमीन करतो, आणि कुणाची खाट मोडली, चौकट फुगली तर हत्यारांची पेटी उघडतो. मुलगा शिकला, इंजिनियर झाला. त्याने करवत धरावी असे मला वाटत होते की नाही, हे आता सांगता येणार नाही. धरली नाही एवढे खरे.

दादांनी आईसाठी केलेला सागाचा देव्हारा मात्र घरात होता. लहानसाच, वर कळस, पुढे दोन खांब. २०१६ च्या पावसाळ्यात त्याच्या मागच्या एका पायाला वाळवी लागली. भिंतीकडची बाजू, कुणाच्या ध्यानात आली नाही. पाहिले तेव्हा पाय वीतभर पोकळ झाला होता. कुजका भाग कापून टाकावा, जुन्या लाकडाची अर्धी जाडी आणि नव्याची अर्धी जाडी अशी एकमेकांवर बसवून सांधा करावा, हा साधा उपाय. पण माझा उजवा खांदा त्याआधीच गाडीवरून पडल्यापासून धरलेला. करवत ढकलायला जोर लावला की कळ डोक्यात जायची. हात थरथरला, करवत रेघ सोडून गेली आणि पन्नास वर्षांच्या वाळलेल्या सागाचा कोपराच उडाला. मी थांबलो. अजून कापत बसलो असतो तर देव्हाराच राहिला नसता. पायाखाली एक वीट सरकवली आणि सगळ्यांना म्हणालो, "विठोबा विटेवर उभा राहतो, आपले देव का नाही?" ही थट्टा घरात कुणाला आवडली नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही.

पुढच्या वर्षी मुलाने आम्हा दोघांना जपानला नेले. तो तेव्हा कोबे नावाच्या शहरात नोकरीला होता आणि सूनबाई बाळंत झाली होती. आमच्या मंडळींना तिथे कामच काम. बाळाला न्हाऊमाखू घालण्यात त्यांचा दिवस जाई. मला काम नाही. शेत नाही, गुरे नाहीत, बोलायला भाषा नाही. खिडकीशी बसून राहायचे. आठ दिवसांनी मुलगा म्हणाला, "अण्णा, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो."

ती जागा म्हणजे सुतारांच्या हत्यारांचे संग्रहालय. हो, नुसत्या सुतारांच्या हत्यारांचे! ताकेनाका असे त्याचे नाव. १९८४ साली सुरू झाले आणि २०१४ साली शिन-कोबे स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीत आले. आत गेलो आणि माझे पाय जमिनीला चिकटले. भिंतभर करवती, रंधे, पटाशा. १९४३ साली तिथे सुतारांच्या हत्यारांची पाहणी झाली होती. चांगल्या सुताराच्या पूर्ण संचात १७९ हत्यारे निघाली म्हणे. दादांच्या पेटीत वीस-पंचवीस असतील, आणि तेवढ्यावर त्यांनी गाव चालवले, हेही मी तिथल्या तिथे मुलाला ऐकवले.

पण मला घरच्यासारखे वाटले ते दुसऱ्याच गोष्टीने. तिथले जुने सुतार उभ्या टेबलाला लाकूड आवळून काम करत नसत. जमिनीवर बसायचे, नाहीतर बुटक्या घोडीवर लाकूड ठेवून ते पायाने दाबून धरायचे. अहो, दादा असेच बसायचे! डाव्या पायाचा अंगठा आणि टाच यांच्यामध्ये लाकूड धरलेले, आणि दोन्ही हात मोकळे. परदेशात येऊन मला माझ्या बापाची बैठक सापडली.

त्यांची करवत मात्र आपल्यापेक्षा उलटी. तिला ते नोकोगिरी म्हणतात. दातांची तोंडे मुठीकडे, म्हणजे कापणाऱ्या माणसाकडे. ती ओढताना कापते. नुसती करवतच नाही, त्यांचा रंधासुद्धा स्वतःकडे ओढायचा.

हे ऐकून तुम्हाला हसू येईल, मलाही आले होते. पण घरी येताना गाडीत बसून विचार करू लागलो. बैल नांगर ओढतो. नांगर ढकलणारा बैल कुणी पाहिला आहे? विळ्याने गवत कापतो ते ओढून. मोटेचा सोल ओढला तर सरळ राहतो, ढकलला तर त्याचे वेटोळे होते. करवतीचे पातेही तसेच. ते पातळ असेल आणि तुम्ही ढकलाल, तर मध्येच वाकणार. वाकू नये म्हणून आपल्या करवतीचे पाते जाड ठेवावे लागते. साध्या हातकरवतीचे जवळजवळ एक मिलीमीटर असते. ओढायची करवत ओढताना आपोआप ताणली जाते, म्हणून ती पातळ चालते. दोन्ही बाजूंना दात असलेल्या जपानी करवतीचे पाते साधारण अर्ध्या मिलीमीटरचे. बारीक सांध्यांसाठी आणखी एक करवत असते, दोझुकी नावाची, तिचे पाते ०.३ मिलीमीटरपर्यंत पातळ. त्याला आधार म्हणून पाठीवर लोखंडी पट्टी बसवलेली असते. पाते पातळ म्हणजे चीर बारीक. चीर बारीक म्हणजे भुसा कमी, लाकूड वाचते, आणि मुख्य म्हणजे हाताला जोर कमी लागतो. माझा हात नकळत उजव्या खांद्याकडे गेला.

मुलाच्या ध्यानात आले असावे. एका रविवारी तो मला मिकी नावाच्या गावी घेऊन गेला. हे गाव हत्यारांसाठीच प्रसिद्ध. १५७८ ते १५८० या काळात तिथल्या किल्ल्याला हिदेयोशी नावाच्या सरदाराने वेढा घातला, गाव उद्ध्वस्त झाले. मग ते पुन्हा उभारायला सुतार आले आणि सुतारांमागे लोहार आले. लोहार तिथेच राहिले ते आजपर्यंत. करवत, पटाशी, रंधा, गवंड्याची थापी, चाकू, ही तिथली कामे. जपान सरकारने १९९६ साली त्यांना परंपरागत कला म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे लोहाराच्या भात्याला कुणी अशी मान्यता दिल्याचे मला आठवत नाही, असो.

दुकानात मुलाने मला रयोबा घेऊन दिली. रयोबा म्हणजे दुधारी: एका कडेला आडवे कापायचे दात आणि दुसऱ्या कडेला उभे चिरायचे. आडवे कापायचे दात बारीक, उंच, एकेका दाताला तीन ठिकाणी धार. उभे चिरायचे दात पटाशीच्या टोकासारखे, मुठीजवळ लहान आणि टोकाकडे मोठे होत गेलेले, म्हणजे सुरुवात करताना झटका बसत नाही. मूठ लांब, सरळ, वेताने गुंडाळलेली. दुकानदाराने मुलाला काहीतरी विचारले. मुलगा काहीतरी बोलला. दोघे एकमेकांकडे पाहून वाकले, तिकडे वाकण्याला तोटा नाही. मला कुणी काही सांगितले नाही.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी ती करवत बाहेर काढली. शेजारपाजारची चार माणसे जमली होती. सागाचा एक तुकडा घेतला, दादांसारखा पायाखाली दाबला आणि सुरुवात केली. दोन-चार ओढी छान गेल्या. भुसा पिठासारखा पडू लागला. आणि मग, वाचकहो, पन्नास वर्षांची सवय जागी झाली. कुणीतरी काहीतरी विचारले, मी उत्तर द्यायला मान वर केली, आणि हाताने आपला धर्म पाळला. मी जोरात ढकलले. पाते चिरीत अडकले आणि कागद दुमडावा तसे मध्येच दुमडले. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

रात्री मी ते ऐरणीवर ठेवून हातोडीने सरळ करायला गेलो. तेही शहाणपण नडले. पात्याला ताण असतो. तो समजून कुठे किती ठोकायचे हे त्यातल्या कारागिरालाच कळते. मी ठोकले आणि एका बाकाचे तीन बाक झाले. करवत गोणपाटात गुंडाळली आणि पोटमाळ्यावर कणगीच्या मागे ठेवून दिली.

मुलाचा फोन यायचा. "अण्णा, करवत कशी चालते?" मी म्हणायचो, "लोण्यातून सुरी जावी तशी." "मग देव्हाऱ्याचा पाय केला का?" "सवड कुठे आहे रे, ऊस लावायचा आहे." दोन वर्षे मी असे सांगत होतो. आमच्या मंडळी ऐकत असायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, फक्त रोज सकाळी देवाला फूल वाहताना त्या विटेकडे जरा जास्त वेळ पाहायच्या.

२०१९ साली नवरात्रात मुलगा, सूनबाई, नातू सगळे आले. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. अंगणात सारवून पाट मांडला. दादांची करवत, वाकस, रंधा, पटाशा, गुण्या, सगळे धुऊनपुसून ठेवले. विळा, खुरपी, कुऱ्हाडही ठेवली. झेंडूची फुले वाहायची तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अण्णा, ती जपानची कुठंय? तिचीपण पूजा नको का?"

मी गप्प. हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, "आणा की अहो खाली. देवापुढं काय लपवायचं?"

पोटमाळ्यावरून खाली येताना मला वाटले, दादांच्या हातची पटाशी मी लहानपणी दगडावर मारून मोडली होती, तेव्हाही पाय असेच जड झाले होते. फरक इतकाच की तेव्हा समोर बाप होता, आता मुलगा. गोणपाट सोडले. मुलाने पाते पाहिले. मी म्हणालो, "पहिल्याच दिवशी झालं रे. ढकलली मी."

तो काही न बोलता आत गेला आणि आपल्या पेटीतून एक लांबट पाकीट घेऊन आला. आत नवे पाते. म्हणाला, "त्या दुकानदारानं तेव्हाच विचारलं होतं, वडील ही करवत पहिल्यांदाच वापरणार का? मग पातं एक जादा घेऊन जा, सवय मोडेपर्यंत एक जातंच. मी घेतलं होतं. पण तुम्हाला दिलं नाही. म्हटलं, जन्मभर करवत धरलेला माणूस, त्याला वाईट वाटेल."

म्हणजे दोन वर्षे मी त्याच्यापासून मोडके पाते लपवले होते आणि दोन वर्षे तो माझ्यापासून नवे. आम्ही दोघांनी मिळून मूठ सोडवली, नवे पाते बसवले. आजकालच्या बऱ्याच करवतींना अशी बदलायची पाती असतात. मग ती दादांच्या करवतीशेजारी पाटावर ठेवली. पूजेला मांडलेली हत्यारे लगेच उचलायची नाहीत, म्हणून दसरा होईपर्यंत हात आवरावा लागला. ते दोन दिवस माझे फार कठीण गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत बसलो. पहिला हात मी मुलाला धरायला लावला, माझा मलाच भरवसा नव्हता. त्याने जपानात पुस्तकांसाठी एक मांडणी केली होती, थोडी वाकडी, असे सूनबाई म्हणते. त्याने करवत धरली आणि पहिल्या ओढीपासून रेघेवर चालवली. मी पाहत राहिलो. ज्याच्या हाताला ढकलायची सवयच नव्हती, त्याला मोडायचे काहीच नव्हते. मग त्याने मला सांगितले, आणि मी ऐकले. ते तुम्हालाही सांगतो, कारण आता अशा करवती आपल्याकडेही मिळू लागल्या आहेत.

मूठ घट्ट आवळायची नाही. अंडे धरावे तशी, आणि पात्यापासून लांब, मागच्या टोकाकडे धरायची. सरळ लांब काप असेल तर दोन्ही हात, एकामागे एक. सुरुवात मुठीजवळच्या दातांनी करायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचे नख पात्याला टेकवून, दात त्याला लागणार नाहीत इतके वर. पाते लाकडावर बरेच आडवे ठेवायचे, उभे धरले की दात अडकतात. ओढताना नुसते करवतीचे वजन, आपला जोर नाही. परत नेताना तेवढेही नाही, ती जणू हवेतून न्यायची. आणि पात्याची पूर्ण लांबी वापरायची. चार बोटांत घसघस करणाऱ्याचा काप वाकडाच जाणार, मग करवत कुठल्याही देशाची असो.

एक अडचण सांगतो. ही करवत भुसा तुमच्याकडे ओढून आणते आणि रेघ झाकते. फुंकर मारत राहावे लागते. मी चष्मा लावतो, त्यामुळे डोळे वाचतात, चष्मा मात्र सारखा पुसावा लागतो. कुसू कापायचे असेल तर एका कोपऱ्यातून तिरके कापत यावे, मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने तसेच, आणि शेवटी मधले राहिलेले सरळ. म्हणजे दोन्ही रेघा डोळ्यांसमोर राहतात.

दुसरी अडचण लाकडाची. ही करवत ज्या देशात घडली तिथले सुतारकामाचे लाकूड मऊ आहे, हिनोकी आणि सुगी नावाचे. नारा शहराजवळचे होर्यूजी हे बौद्ध मंदिर हिनोकीचेच आहे; जगात आज उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या लाकडी इमारती तिथल्याच, सुमारे तेराशे वर्षांच्या. त्या बांधल्या तेव्हा फळ्या उभ्या चिरायची मोठी करवतही तिकडे नव्हती, पाचरी ठोकून ओंडका फोडायचे. ते असो. आपल्याकडे साग, फणस, आंबा, शिवण यांत ही करवत सुखाने चालते. पण बाभळीच्या गाठीवर किंवा खैरावर बारीक दातांची करवत घालाल तर दात तुटून पडतील. कठीण लाकडासाठी वेगळ्या दातांचे पाते मिळते, ते घ्यावे. जुन्या चौकटीच्या लाकडात खिळा राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून, ठोकून आधी पाहावे. आणि बदलायच्या पात्यांचे दात विजेने कडक केलेले असतात; कानस त्यांच्यावर घसरते. बोथट झाले की पाते बदलायचे. दादांना हे मुळीच पटले नसते. रविवारी सकाळी करवतीला कानस लावत बसणे हा त्यांचा आरामाचा वेळ होता. जपानातही हाताने घडवलेल्या करवतींचे दात लावून देणारे वेगळे कारागीर असत, पण ते आता फार थोडे उरले आहेत.

तुमच्यापैकी ज्यांच्या बागा आहेत ते म्हणतील, आम्हाला कुसू कापायचे नाहीत. पण छाटणीसाठी तुम्ही ती वाकड्या पात्याची, घडी होणारी करवत वापरता ना? तिचे दात पाहा. तीही ओढूनच कापते. फांदीवर उभे राहून माणूस ढकलू लागला तर तोलच जाईल. जाड फांदी कापताना आधी खालून थोडा काप द्या आणि मग वरून, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलत खाली जात नाही.

देव्हाऱ्याचा पाय आम्ही दोघांनी मिळून केला. जुन्या पायाचा कुजका भाग मुलाने आडवा कापला. सांध्याचा उभा काप मी घेतला. बसून, कोपर बरगडीला लावून ओढत होतो आणि खांदा दुखत नव्हता. प्रत्येकाच्या खांद्याचे असेच होईल असे मी म्हणत नाही, माझे झाले. दोनदा हात ढकलायला निघाला. दोन्ही वेळा मुलगा नुसते "अण्णा" एवढेच म्हणाला आणि मी थांबलो. चीर इतकी बारीक पडली की दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले तेव्हा मधून उजेड दिसला नाही. सरस लावला, दोन लाकडी खुंट्या मारल्या आणि रात्रभर सुतळीने आवळून ठेवले.

सकाळी हिने वीट काढली आणि ती तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यात लावली. नातू देव्हारा हलवून पाहत होता, हलत नव्हता. नव्या सागाचा रंग मात्र जुन्याशी अजून जुळलेला नाही, पाय फिकट दिसतो. दर दिवाळीला जवसाच्या तेलाचा हात देतो आहे.